सिपादानची भिंत आणि आमच्या हातातलं खोटं कार्ड

कुपवाड एमआयडीसीत माझं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. हवेचा दाब हा माझा रोजचा विषय. तरीही गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी 19 वर्षांच्या मुलीला घेऊन मी समुद्रातल्या 600 मीटर खोल कड्याशी डुबकी मारायला निघालो होतो, आणि पाण्याखाली श्वास घ्यायचं धड शिक्षण आम्हा दोघांनाही मिळालेलं नव्हतं. हे कळलं ते मलेशियात, सेम्पोर्ना गावातल्या एका डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर. पैसे गेले ते सांगतोच, पण लिहायला बसलोय तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

मुलगी कृष्णेत पोहून मोठी झाली. सिपादानचं वेड तिला दोन वर्षांपासून होतं. साबा राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, अर्ध्या तासात चालत फेरी होईल एवढंच हे बेट. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळ वाढत वाढत तयार झालेलं. वाळूवरून पाण्यात शिरलं की थोडी पावलं उथळ पाणी, आणि मग तळ एकदम संपतो. तो सरळ उतरणारा कडा म्हणजे ‘वॉल’. तिथं कासवं आहेत, बॅराकुडा माशांचे मोठमोठे थवे आहेत.

एजंट विश्रामबागेतला. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमुळं ओळख. त्यानं आधी तारकर्लीच्या दोन सहली व्यवस्थित केल्या होत्या, त्यामुळं शंका घ्यायला कारण नव्हतं. “काका, ताईंची काळजी सोडा. बेटावरच दोन रात्री मुक्काम. सकाळी उठलं की दारात वॉल.” माणशी 1,48,000 रुपये, त्यात आधी सांगलीतच ट्रेनिंग आणि डुबकी शिकल्याचं आंतरराष्ट्रीय कार्ड. तासगावचा माझा मित्र आणि त्याचा मुलगाही तयार झाले. मित्राचे द्राक्षांचे पैसे नुकतेच हातात आले होते. मार्चमध्ये दोन हप्त्यांत आम्ही चौघांचे 5,92,000 भरले, एजंटच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात. पक्कं बिल नंतर देतो म्हणाला.

ट्रेनिंग म्हणजे दोन रविवार, एका हॉटेलचा पोहण्याचा तलाव, छातीएवढं पाणी. मास्क लावला, रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातून श्वास घेतला, फोटो काढले. पंधरा दिवसांनी चार चकचकीत कार्डं आली. एका नावाजलेल्या संस्थेचं बोधचिन्ह, आमचे फोटो, नंबर. थिअरी आणि तलावातला भाग एका गावी आणि समुद्रातल्या डुबक्या दुसरीकडं, असं या कोर्समध्ये खरोखर करता येतं. हे मी आधी वाचलं होतं, आणि म्हणूनच त्याचं बोलणं मला खरं वाटलं. पण समुद्रातल्या चार डुबक्या पुऱ्या झाल्याशिवाय कार्ड मिळतच नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट माझ्या नजरेतून निसटली.

सेम्पोर्नात काउंटरवरच्या बाईंनी नंबर कॉम्प्युटरवर तपासले. तीन नंबर अस्तित्वातच नव्हते. चौथा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर होता. सिपादानच्या परवान्यांच्या यादीतही आमची नावं नव्हती. रोजचे परवाने मोजके असतात आणि ते माणसाच्या नावानं आधीच काढावे लागतात. आणि बेटावर मुक्काम? तिथली सगळी रिसॉर्ट्स सरकारनं 2004 च्या अखेरीस हलवली. तेव्हापासून पर्यटकाला तिथं रात्री राहताच येत नाही. आमच्या छापील कार्यक्रमात मात्र ‘समुद्रासमोरची खोली’ लिहिलेली होती.

मुलगी बाहेर जाऊन पायरीवर बसली. माझ्याशी बोलेना.

तिथल्या इन्स्ट्रक्टरनं मला बाजूला घेऊन जे समजावलं ते माझ्याच धंद्यातलं होतं. दर 10 मीटरला एक बार, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो साधारण तेवढा, दाब वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे सिलिंडरमधली हवाही चौपट वेगानं संपते. खाली जाताना अंगातला रबरी सूट दबतो, त्याचं तरंगणं कमी होतं आणि माणूस आणखी वेगानं बुडतो. एरवी पायाखाली वाळू तरी असते, वॉलवर काहीच नसतं. तरंगणं सांभाळायला घालतात त्या फुगवायच्या जॅकेटमध्ये नेमकी किती हवा भरायची हे हाताला कळत नसेल तर माणूस खाली जातच राहतो. घाबरून श्वास कोंडून वर झेपावला, तर फुप्फुसातली हवा फुगत जाऊन फुप्फुस फाटू शकतं. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं कार्ड मिळालं तरी मर्यादा 18 मीटरची, आणि त्याआधी पाण्याखाली मास्क काढून परत घालणं, जोडीदाराच्या जादा नळीतून श्वास घेणं हे सगळं करून दाखवावं लागतं. माझ्या मुलीला तलावात जॅकेट फुगवायलाही सांगितलं नव्हतं. एखाद्या ढिल्या माणसानं कार्ड वरवर बघून होडीत बसवलं असतं तर?

त्या बाईंनी आम्हाला पाण्यात सोडलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. वेगळे पैसे भरून मुलांना दुसऱ्या बेटाजवळ उथळ पाण्यात, इन्स्ट्रक्टरचा हात धरून नवशिक्यांची डुबकी मिळाली. हॉटेल एकाच रात्रीचं बुक होतं, पुढचा खर्च आमचा.

परत आल्यावर तडक एजंटच्या ऑफिसात गेलो. वाटलं होतं कुलूप असेल. तो बसला होता, चहा मागवला. “काका, तिकडच्या पार्टीनं मलाच फसवलं.” पैशांबद्दल ते मी एक वेळ ऐकून घेतलं असतं. कार्डाचं विचारलं तर म्हणाला, “कार्ड ही फॉर्म्यालिटी असते, पाण्यात गाईड असतोच की.” माझ्या पोरीच्या जिवाला त्यानं फॉर्म्यालिटी म्हटलं. चहा तसाच ठेवून मी उठलो.

आता मागं बघताना खुणा दिसतात. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा कर, घ्यावा लागतो, तो पॅन नंबरावर जमा होतो. यानं आमचा पॅन कधी मागितलाच नाही. कार्यक्रमात शेवटच्या डुबकीनंतर पाच तासांनी तवाऊहून विमान होतं. लागोपाठ डुबक्या मारल्यावर किमान 18 तास विमानात बसू नये, हे डायव्हिंगमधलं प्राथमिक ज्ञान आहे. दम्याचा, हृदयविकाराचा साधा आरोग्य फॉर्मसुद्धा भरून घेतला नाही, आणि माझ्या मित्राला रक्तदाब आहे.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात चौघांनी वेगवेगळे अर्ज केले, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क लागत नाही. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. आम्हाला महिना उलटून गेल्यावर कळलं. आतापर्यंत 80,000 परत आले आहेत, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

मुलीनं डिसेंबरमध्ये तारकर्लीला रीतसर कोर्स केला. पहिल्या दिवशी मास्क काढताना नाकात पाणी गेलं, घाबरली, वर आली, परत गेली. शेवटच्या डुबकीनंतर इन्स्ट्रक्टरनं तिला त्याच दिवशी आंबोलीचा घाट चढू दिला नाही, उंचीवर जाणंही अंगाशी येतं म्हणून. एक रात्र थांबून ती सांगलीला आली.

तक्रार देताना कळलं की त्याच एजंटनं मिरजेच्या आणि विट्याच्या काही मुलांनाही अशीच कार्डं दिली आहेत. त्यातली दोघं कार्ड घेऊन अंदमानला जायच्या तयारीत आहेत असं ऐकलं. त्यांच्यापर्यंत मी अजून पोचू शकलो नाही. सांगली-मिरज भागात तलावातल्या दोन रविवारांवर कुणाला असं कार्ड मिळालं असेल, तर त्यावरचा नंबर संस्थेच्या वेबसाइटवर आजच टाकून बघा. पाच मिनिटं लागतात. नाव निघालं नाही तर त्या कार्डावर पाण्यात उतरू नका, आणि कार्ड फाडूही नका. पोलिसांना ते लागतं.