जुना गॅस लेझर घरी घ्यायचाय? हीलियम-निऑन, आर्गॉन की सीओटू

वापरलेला गॅस लेझर पुण्यात साधारण तीन वाटांनी हाती येतो. कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेने निकाली काढलेला हीलियम-निऑन, एखाद्या जुन्या उपकरणातून सोडवलेला आर्गॉन, नाहीतर ट्रॉफी-नेमप्लेटवाल्याने मोठे मशीन घेतल्यावर विकायला काढलेला छोटा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कटर. विकणारा तिन्हींबद्दल एकच सांगतो, "चालू आहे साहेब." नुसते वॅट बघून निवडलात तर फसगत ठरलेली. आपल्या घरातले अर्थिंग, हवा आणि वावरणारी माणसे यांना कोणता लेझर झेपेल, हे आधी बघा.

| | हीलियम-निऑन | आर्गॉन (हवेने थंड होणारा) | सीओटू (काचेची ट्यूब) |
|---|---|---|---|
| प्रकाश | लाल, ६३२.८ नॅनोमीटर | निळा-हिरवा, मुख्यतः ४८८ व ५१४.५ नॅनोमीटर | अदृश्य, १०.६ मायक्रॉन |
| नेहमीची ताकद | ०.५ ते ५ मिलिवॅट | १० ते १०० मिलिवॅट | ४० वॅट |
| धोक्याचा वर्ग (आकडा मोठा तितका धोका जास्त) | २ किंवा ३आर | ३बी | ४ |
| ट्यूबची वीज | सुरू होताना ६ ते १० किलोव्होल्ट, मग १ ते २.५ किलोव्होल्ट, ३.५ ते ६.५ मिलिअँपिअर | सुमारे १०० व्होल्ट, ४ ते १० अँपिअर | १५ ते २० किलोव्होल्ट, साधारण १५ मिलिअँपिअर |
| थंड करणे | लागत नाही | मोठा पंखा | फिरते पाणी |
| ट्यूब गेली तर | दुसरी शोधता येते | बहुधा सगळा संच गेला | नवी सहज मिळते |

हीलियम-निऑन

पहिलाच गॅस लेझर असेल तर हाच घ्या. होलोग्राम, इंटरफेरोमीटर, विवर्तनाचे प्रयोग यांसाठी स्वस्त लाल पॉइंटरपेक्षा हा कितीतरी सरस पडतो. साध्या ट्यूबचीही कोहेरन्स लांबी (जेवढ्या अंतरापर्यंत प्रकाशलहरी एकमेकींशी जुळून राहतात ते अंतर) २०-३० सेंटिमीटर भरते, आणि बीम गोल व स्वच्छ असतो.

घेताना आधी ट्यूब हातात घेऊन आरशांची टोके बघा. आरसे काच वितळवून बसवलेले असतील तर ट्यूब न वापरताही वर्षानुवर्षे टिकते. जुन्या, गोंदाने चिकटवलेल्या ट्यूबमधून हीलियम हळूहळू निसटतो, म्हणून "एकदाही वापरला नाही" हे अशा ट्यूबबाबत कौतुक नव्हे. आतल्या काचेवर गेटरचा (नको असलेली हवा शोषणाऱ्या धातूच्या थराचा) चंदेरी डाग असेल आणि तो दुधी पांढरा पडला असेल, तर हवा शिरली आहे. ती ट्यूब शोभेला ठेवा. चालू केल्यावर आतला झोत, म्हणजे ट्यूबमधल्या वायूची चमक, नारिंगी-गुलाबी दिसला पाहिजे. जांभळट किंवा निळसर दिसला तर पैसे खिशातच राहू द्या.

खरी मेख पॉवर सप्लायची. ६.५ मिलिअँपिअरच्या ट्यूबला ४ मिलिअँपिअरचा सप्लाय जोडला की ती लुकलुकते, पेटते-विझते. उलट केले तर प्रकाश वाढत नाही, आयुष्य मात्र घटते. सप्लायवर ११५ व्होल्ट लिहिले असेल तर तो महावितरणच्या २३० वर थेट लावायचा नाही, मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. पोलॅरिटी चुकवू नका: आत मोठा अॅल्युमिनियमचा डबा दिसतो ते कॅथोड, म्हणजे ऋण टोक. उलटी जोडलेली ट्यूब पेटते, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण धातूचे कण उडून आरसा खराब होत राहतो.

अॅनोडच्या, म्हणजे धन टोकाच्या, वायरमध्ये करंट आवरून धरणारा बॅलास्ट रेझिस्टर लागतो, बहुधा ७५ किलोओहम. १५ किलोओहम, २ वॅटचे पाच रेझिस्टर एकामागे एक जोडा. ६.५ मिलिअँपिअरला एकूण सव्वातीन वॅटच्या आत उष्णता होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण वॅटही येत नाही. ही माळ अॅनोडपासून ४-५ सेंटिमीटरच्या आतच हवी. लांब वायर ठेवली की तिची कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याचा गुण) मध्ये येते आणि झोत स्थिर राहत नाही. तपकीर गल्लीत रेझिस्टर मिळतील. उच्च दाबाची (हाय व्होल्टेजची) वायर मात्र तशी छापलेलीच मागा, साधी घरगुती वायर इथे चालणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये चांगली ट्यूबही कधी सुरू व्हायला नखरे करते आणि अॅनोडजवळ सूं-सूं आवाज येतो. दमट धुळीवरून वीज गळत असते. सप्लाय बंद करून, ट्यूब डिस्चार्ज करून, काचेचे ते टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. डिस्चार्ज विसरू नका, कारण बंद केल्यावरही ट्यूब आणि कनेक्टरच्या पिना चार्ज धरून बसतात. जीवघेणा नसला तरी त्या झटक्याने हात आखडतो आणि ट्यूब फरशीवर पडते. सुरुवातीची १५-२० मिनिटे प्रकाश थोडा कमीजास्त होत राहतो; तो दोष नाही, ट्यूब तापून लांब होत असते.

बीम डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नका, बसल्यावरही आणि उभे राहिल्यावरही. शेवटी काळा, खरखरीत अडथळा हवा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

आर्गॉन

दिसायला सगळ्यांत देखणा, आणि घरासाठी सगळ्यांत कटकटीचा. निव्वळ निळा-हिरवा बीम हवा असेल तर आज डायोड मॉड्यूल घेणे शहाणपणाचे. तरीही आर्गॉनच हवा असेल तर हेड, सप्लाय आणि जोडकेबल हे तिन्ही एकत्र, डोळ्यांदेखत चालू करून दाखवले तरच घ्या. नुसते हेड कितीही स्वस्त मिळाले तरी त्याला जुळता सप्लाय शोधण्यात वर्ष जाईल.

अनेक सप्लाय ११५ व्होल्टचे असतात, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये मेन्स आणि आतले सर्किट एकमेकांपासून तोडलेले (आयसोलेशन) नसतात. झाकण उघडून चालू ठेवणे म्हणजे थेट फेजशी खेळणे. ट्यूबला १०० व्होल्ट, १० अँपिअर म्हणजे एक किलोवॅट, वर फिलामेंट आणि पंखा. ट्रान्सफॉर्मर किमान २ केव्हीए घ्या आणि १६ अँपिअरचा सॉकेट स्वतंत्र एमसीबीवर ठेवा. ही सगळी उष्णता खोलीतच सोडली जाते, हे एप्रिलमध्ये कळते.

बंद करताना पंखा आणखी काही मिनिटे चालू राहिलाच पाहिजे. वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली की पंखा थांबतो आणि तापलेली ट्यूब तशीच राहते, म्हणून पंख्यापुरती यूपीएसची सोय करा. महिन्याकाठी तासभर कमी करंटवर चालवत राहा. वर्षभर पडून राहिलेली ट्यूब पेटेलच याचा भरवसा नाही. आतली नळी बहुधा बेरिलियम ऑक्साइडची असते. अखंड असताना निर्धोक, पण फुटून धूळ झाली आणि ती श्वासात गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. म्हणून हे हेड कधी उघडू, घासू किंवा भंगारात तोडायला देऊ नका.

गॉगल ४८८ आणि ५१४ या दोन्ही तरंगलांबींसाठी, ओडी (प्रकाश अडवण्याचे माप) ४ किंवा वर, असे छापलेला हवा. आणि गच्चीवरून आकाशात बीम सोडायचा मोह आवरा. लोहगावला उतरणारी विमाने डोक्यावरून जातात.

सीओटू

कापायचे, कोरायचे असेल तर पर्याय हाच. १९६४ साली बेल लॅब्जमध्ये हा लेझर साकारणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. त्यामुळे आपल्याकडे त्याबद्दल जरा जास्तच आपुलकी असायला हरकत नाही. पण या तीन लेझरांत जीव घेण्याची क्षमता याच्यातच सर्वाधिक.

के-४० या नावाने ओळखली जाणारी मशिने स्वस्त मिळतात आणि तशीच बांधलेली असतात. पहिले काम अर्थिंग. शंभर वॅटचा पिवळा बल्ब होल्डरला लावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडा, तोही वायरमनकडून. बल्ब पूर्ण पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडेल, आणि पडली हे चांगलेच लक्षण. बल्ब मंद पेटला तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, मगच मशीन घरी आणा. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसरी पिन नुसती नावाला असते.

मशीनमध्ये मिलिअमीटर नसेल तर कॅथोडच्या परतीच्या वायरमध्ये ० ते ३० मिलिअँपिअरचा काट्याचा मीटर लावा. हे काम प्लग काढून, दहा मिनिटे थांबून करा. ही परतीची वायर चालू असताना सुटली तर तिच्यावर पूर्ण उच्च दाब येतो, म्हणून टोके स्क्रूने घट्ट करा. रोजच्या कामात १५ मिलिअँपिअरच्या वर जाऊ नका. १८-२० वर थोडे जास्त कापते, पण ट्यूब लवकर बसते.

पाणी डिस्टिल्डच हवे. नळाचे पाणी वीज वाहून नेते आणि क्षारांचा थर देते. तापमान १८ ते २२ अंश सर्वांत चांगले, २८ च्या वर काम थांबवा. इथे पुण्याचा उन्हाळा आडवा येतो: पाणी थंड करायला मिळणारा सीडब्ल्यू-३००० चिलर हा नुसता रेडिएटर आणि पंखा आहे, त्यामुळे मे महिन्यात खोली ३६ वर असताना पाणी त्याखाली उतरणारच नाही. कॉम्प्रेसर असलेला सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० घ्यावा लागेल. पावसाळ्यात अडचण नेमकी उलटी. हवेचा दवबिंदू २० अंशांच्या वर असतो, आणि १८ अंशांचे पाणी फिरवले की ट्यूबला बाहेरून घाम फुटतो आणि उच्च दाबाच्या टोकाशी ठिणगी उडते. तेव्हा चिलर २४-२५ वर ठेवा.

पाणी भरल्यावर ट्यूबच्या टोकाशी बुडबुडा अडकला का ते टॉर्चने बघा. बाहेर जाणारी नळी वरच्या बाजूला ठेवून, मशीन थोडे तिरके करून तो काढा. बुडबुड्याजवळची काच तापते आणि तडकते. पाणी थांबले किंवा झाकण उघडले की लेझर बंद होईल असे फ्लो स्विच आणि झाकणाचा स्विच सप्लायच्या संरक्षण टर्मिनलला जोडा. त्याविना मशीन सुरू करू नका.

बीम दिसत नाही, म्हणून आरसे जुळवताना प्रत्येक आरशापुढे मास्किंग टेप लावून, कमी करंटवर एकच पल्स देऊन डाग बघतात. १०.६ मायक्रॉनसाठीचा गॉगल तेव्हा घातलाच पाहिजे. हा प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचत नाही, पण बुबुळ भाजतो. लेन्स झिंक सेलेनाइडची असते. फुटली तर झाडू न मारता हातमोजे घालून ओल्या टिशूने तुकडे उचला.

रेक्झिन, विनाइल स्टिकर, पीव्हीसी शीट यांना हात लावू नका. जळल्यावर हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसे आणि मशीनचे रूळ दोन्ही खातो. शंका असेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार लाल करून प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा: ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. अॅक्रिलिक कापताना पेटते, त्यामुळे मशीन सोडून चहा टाकायला जायचे नाही. सीओटू अग्निशामक हाताशी असू द्या. धूर चार इंची पाइपने बाहेर काढा, पण शेजारच्यांच्या खिडकीकडे नको, नाहीतर सोसायटीची मीटिंग लागेल.

घेताना ५, १० आणि १५ मिलिअँपिअरवर चालवून बघा. झोत गुलाबी-जांभळा असावा, पांढुरका नको. १५ वर ३ मिलिमीटरचे अॅक्रिलिक सेकंदाला ६ मिलिमीटर वेगाने एका फेरीत कापले गेले तर ट्यूबमध्ये जीव आहे. नाही कापले तरी मशीन घेता येईल, फक्त नव्या ट्यूबचा आजचा भाव विचारून तेवढी रक्कम कापून घ्या. आणायच्या आधी पाणी पूर्ण काढा, ट्यूब सोडवून फोममध्ये गुंडाळून आडवी ठेवा. टेम्पोत मशीनमध्येच बसवून आणली तर स्पीडब्रेकरवर पाण्याच्या नळ्यांचे काचेचे तोंड तुटते, आणि ते जोडता येत नाही.