शहीद द्वीपावरील घरगुती मुक्काम : रावेरच्या केळी बागायतदाराचा अभिप्राय

अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचे नील बेट, येथे एका बंगाली शेतकरी कुटुंबाच्या घरी आम्ही जानेवारीत चार रात्री राहिलो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या लहानशा गावात भात, भाजीपाला, नारळ आणि केळी पिकते, आणि ठिबकशिवाय बाग जगवण्याची कल्पनाही न करणाऱ्या आम्हा रावेरकरांना तिथे नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या पावसावर पोसलेली केळी पाहून फार अप्रूप वाटले. यजमानांनी स्वतः बाग दाखवली. दोन तास कंद, खोडवा (कापणीनंतर त्याच बुंध्यातून घेतलेले पुढचे पीक) आणि करपा (पानांवरचा रोग) यांवर बोलणे झाले. माझ्या दृष्टीने साऱ्या सहलीत तेच सर्वांत मोलाचे होते.

खोली साधी, पण स्वच्छ होती. जेवणात भात, डाळ आणि परसातल्या भाज्या असत. भाकरीची सवय असणाऱ्यांनी कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ सोबत न्यावे, स्वयंपाकघर ते आनंदाने वापरू देतात. लक्ष्मणपूरची नैसर्गिक खडककमान ओहोटीलाच नीट पाहता येते, म्हणून वेळ यजमानांनाच विचारून निघावे. हिवाळ्यात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही ध्यानात ठेवावे.

तक्रार आहे ती आमच्या सहल नियोजकाविषयी. परतीच्या बोटीचे तिकीट त्याने विमानाच्याच दिवशीचे काढले होते. समुद्र खवळल्यास फेरी रद्द होते, त्यामुळे मधे एक दिवस मोकळा ठेवणे अत्यावश्यक आहे. ते तिकीट यजमानांनी धावपळ करून बदलून दिले.