सीआरपी झाली, मग पीसीटी कशाला?

आमची लॅब नाशिकला, मुंबई नाक्याजवळ. रात्री आयसीयूची चिठ्ठी घेऊन आलेला नातेवाईक काउंटरवर हमखास विचारतो, "कालच सीआरपी झाली ना? मग ही महागडी पीसीटी कशाला?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या, पण पीसीटीला सीआरपीच्या कितीतरी पट पैसे पडतात.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. ती यकृतात तयार होते. संसर्ग झाल्यावर सहा-आठ तासांनी चढू लागते आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस घेते. न्यूमोनिया असो, संधिवात असो की ऑपरेशन, वाढते सगळ्यातच. दाह (शरीरात कुठेतरी सूज) आहे एवढं कळतं, कशाने आहे ते नाही. यकृतच थकलेलं असेल तर पुरेशी चढतही नाही.

पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन दोन-चार तासांतच वर येतं. जिवाणूंच्या संसर्गात जोरात, विषाणूंच्या संसर्गात सहसा कमी. पण मोठं ऑपरेशन, गंभीर भाजणं किंवा किडनी निकामी होणं, यातही ते वाढलेलं सापडतं.

म्हणून सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं, आहे की नाही, हे दोघांपैकी कुणाच्याही आकड्यावर ठरत नाही. २०२१ च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' मार्गदर्शक सूचनाही सांगतात की अँटिबायोटिक सुरू करायचा निर्णय पीसीटीवर सोपवू नका. बीपी पडलेलं असेल तर कल्चरचं (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं) रक्त काढून तासाभरात औषध जायला हवं. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पहिल्या रात्री पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर मी लॅक्टेटकडे बोट दाखवेन. ते दाहाचं मापक नाही, पण दोन मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेलं की पेशींना रक्त-प्राणवायू पुरत नसल्याची शंका घ्यावी लागते.

पीसीटीचे पैसे वसूल होतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी, औषध थांबवताना. संसर्ग आटोक्यात आला की ते दिवसाला साधारण निम्मं होत जातं. सुरुवातीला २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि पाचव्या दिवशी ३, म्हणजे ८५ टक्के उतार. ८० टक्के उतार किंवा ०.५ च्या खाली आकडा, आणि पेशंटही सुधारलेला, तर डॉक्टर अँटिबायोटिक बंद करायचा विचार करतात. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ब्रिटिश चाचणीत रोजच्या पीसीटीमुळे अँटिबायोटिकचे दिवस थोडे कमी झाले, सीआरपीने झाले नाहीत. त्यामुळे एकदाच पीसीटी करून गप्प बसायचं असेल तर नका करू.

आयएल-६ (इंटरल्यूकिन-६) हे दाहाचं आणखी एक मापक कोविडमध्ये घरोघरी पोचलं. सगळ्यात आधी तेच चढतं, पण झपकन उतरतंही. रोजच्या निर्णयाला फारसं कामाचं नाही. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, तर फारच संथ.

आणि युनिट बघा, बरं का! निफाडचे एक काका दोन लॅबचे रिपोर्ट घेऊन घाबरेघुबरे आले होते. आधी सीआरपी १४, आता ९६! पहिला रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचा होता, दुसरा प्रति लिटरचा. म्हणजे आधीचे १४० होते. मी पेनने शून्य वाढवून दाखवला, तेव्हा ते बाकावर बसले आणि पाणी मागितलं.