वर्कबेंचसाठी लाकूड कुठलं घ्यायचं: जुनं सागवान, रबरवुड, बीच की बाभूळ?

घरात एखादी खोली किंवा गच्चीवर शेड आहे, सुतारकामाची हत्यारं जमलीयत आणि आता त्यावर काम करायला एक दणकट, सॉलिड लाकडाचा बेंच करायचाच असं ठरलंय, तर पहिला प्रश्न लाकूड कुठलं हाच येतो. यूट्यूबवर बघाल तर परदेशातले सगळे मेपल, बीच, ॲश सांगतात, कारण ती लाकडं कडक आहेत आणि त्यांच्याकडे सहज मिळतात, त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठाक असते आणि जुलैत बाथरूमचं दार फुगून लागत नाही, त्यामुळे माझं मत अगदी स्पष्ट आहे: आधी लाकूड पावसाळ्यात किती हलतं, म्हणजे फुगतं-आकसतं, ते बघा, कडकपणा नंतर.

कडकपणाचे आकडे बघू. जान्का टेस्टमध्ये (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाउंडात मोजतात) सागवान साधारण 1070, युरोपियन बीच 1450 आणि रबरवुड 960 च्या आसपास. म्हणजे बीच सागवानापेक्षा बराच कडक, हे खरंय. पण पूर्ण ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत सागवान ग्रेनला, म्हणजे लाकडाच्या रेषांना, आडव्या दिशेने जेमतेम 5 टक्के आकसतं आणि बीच जवळपास 12 टक्के. दोन फूट रुंद टॉप धरा आणि मे ते ऑगस्ट लाकडातली ओल 6 टक्क्यांनी बदलली असं धरा, तर चपट्या फळ्या जोडून केलेला सागाचा टॉप 6-7 मिलीमीटर फुगेल आणि बीचचा 14 मिलीमीटर. पाय टॉपमध्ये घट्ट बसवलेले असतील तर 14 मिलीमीटर म्हणजे जोड उघडणार नाहीतर टॉप फाटणार. (फळ्या उभ्या करून, कडेवर चिकटवल्या आणि ग्रेन नीट निवडला तर हे आकडे निम्म्यावर येतात, म्हणून टॉप तसाच करा, लाकूड कुठलंही असो.) बीच वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, रंधा त्याच्यावर सुंदर चालतो, पण ते एसी खोलीत बसणाऱ्या बेंचसाठी ठीक, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या शेडसाठी नको.

आता सागवान. नवं, आलापल्ली-बल्लारशाहकडचं साग घ्यायला गेलात तर घनफुटाचा भाव ऐकूनच बेंचचा विचार सोडाल, आणि खरं सांगायचं तर बेंचला ते लागतही नाही. जुने वाडे पाडताना निघालेलं साग बघा. तुळया, खांब, वासे, दाराच्या चौकटी, कित्येक वर्षं वाळलेलं लाकूड, त्याला जेवढं वाकायचं होतं तेवढं ते आधीच वाकून झालंय. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा, बाकी शहरांत जुन्या सामानवाल्यांकडे मिळतं. घेताना रंगावर जाऊ नका, वरून चुना, ऑइलपेंट, काजळी काहीही असू शकतं, पटाशीने एक पातळ सालपट काढून आतला रंग आणि वास बघा, सागाचा तेलकट चामड्यासारखा वास एकदा ओळखीचा झाला की परत फसत नाही.

जुन्या सागाची खरी डोकेदुखी म्हणजे खिळे. एक चांगलं मॅग्नेट घ्या आणि तुळईच्या चारही बाजूंनी हळूहळू फिरवा, आणि डोळ्यांनी काळे डाग शोधा. लोखंड लाकडात राहिलं आणि ओल लागली की त्याच्याभोवती निळसर काळा डाग पडतो, ग्रेनच्या दिशेने लांबट, वर भोक बुजलेलं असलं तरी डाग दिसतो, आणि डाग दिसला की आत खिळा आहे असंच समजायचं. पक्कड लागत नसेल तर आजूबाजूचं लाकूड पटाशीने कोरून काढा, ते भोक नंतर बुजवता येतं. हे न करता सॉ मिलवर माल नेलात तर ब्लेडचे दात जातील आणि मिलवाला पुढच्या वेळी तुमचा माल चिरायलाच घेणार नाही, त्याचंही बरोबरच आहे. आणखी एक, सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळे फेव्हिकॉल लावायच्या आधी त्याच दिवशी ताजा रंधा मारा आणि जोडाची बाजू ॲसिटोनने पुसून घ्या, नाहीतर जोड कच्चा राहतो. सागात बारीक सिलिका पण असते, रंध्याची धार लवकर जाते, धारेचा दगड जवळ ठेवूनच कामाला बसायचं.

रबरवुड कोणासाठी, तर ज्यांच्याकडे ना प्लेनर (मशीनचा रंधा) आहे ना जड तुळया घासायला वेळ. केरळात रबराचं झाड चीक देऊन देऊन 25-30 वर्षांनी थकलं की तोडतात, तेच हे लाकूड, भट्टीत वाळवून फिंगर जॉइंट बोर्ड (छोटे तुकडे बोटांसारख्या खाचांनी जोडलेला) करून येतं, सरळ आणि सारखं. असे तीन-चार थर एकावर एक चिकटवले, सगळ्यांचा ग्रेन एकाच दिशेला ठेवून, की टॉप तयार, तेही साध्या क्लॅम्पवर. मात्र या लाकडाला बुरशी आणि पोखरणारी कीड पटकन लागते, म्हणून ट्रीटमेंट केलेलाच बोर्ड मागा, आणि भिंतीला ओल येत असेल त्या खोलीत नकोच. फ्लॅटमधल्या कोरड्या बेडरूममध्ये बेंच बसणार असेल तर मी स्वतः हाच सल्ला देईन.

बाभूळ स्वस्त आणि जबरदस्त मजबूत, बैलगाडीची चाकं, नांगर, हत्यारांचे दांडे यासाठी वापरतात ते उगीच नाही. पण ग्रेन एकमेकांत गुंतलेला, त्यामुळे हाताच्या रंध्याने सपाट करायला गेलात तर एकीकडून गुळगुळीत होतं आणि मधेच चपकन उपटून येतं. वाळताना तडे जातात आणि पिळतंही. पूर्ण टॉप बाभळीचा करू नका, पण वाइसचा (लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याचा) लाकडी जबडा, बेंच डॉग (टॉपच्या भोकात बसवून लाकूड अडवायची खुंटी) आणि जोडात ठोकायच्या खुंट्या बाभळीच्या गाभ्याच्या करा, याच्याइतकं छान दुसरं काही नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र काढून टाका, कीड तिथेच लागते. राहिलं मलेशियन साल, चौकटींसाठी जे मिळतं ते, पायांना आणि आडव्या पट्ट्यांना चालेल, टॉपला ग्रेन फार उचकटतो.

डिझाइनवर लाकूड किती लागणार ते ठरतं. फ्रेंच रूबो पद्धतीचा बेंच म्हणजे 4 इंच जाड टॉप, पाय टॉपच्या पुढच्या कडेला बरोबर लेव्हल. 6 फूट बाय 2 फूट टॉपलाच 4 घनफूट लाकूड लागतं, पाय आणि पट्ट्या धरून साडेसहा, आणि चिरण्यात, खिळ्यांच्या भोकांत जाणारं धरून 8 ते 9 घनफूट विकत घ्या. सागाचा एक घनफूट साधारण 18-19 किलो, म्हणजे तयार बेंच 120 किलोच्या आसपास, रंधा मारताना तो जागचा हलत नाही आणि हेच त्याचं सुख आहे. इंग्लिश निकल्सन पद्धतीत टॉप पावणेदोन इंचाचाच, पण पुढे-मागे 10-12 इंच रुंद फळी उभी लावतात आणि सगळा ताठपणा त्या फळ्यांमुळे येतो. लाकूड जवळपास एक तृतीयांश कमी लागतं, पुढच्या फळीला भोकं पाडली की लांब फळी उभी धरून तिची कड रंधता येते. तोटा एकच पण रोजचा: पुढच्या कडेला क्लॅम्प लावता येत नाही, फळी मधे येते. होल्डफास्टने (टॉपच्या भोकात ठोकून लाकूड दाबून धरणारा लोखंडी आकडा) काम करायची सवय असेल तर हे जाणवणार नाही. होल्डफास्टसाठी 19 मिलीमीटरची भोकं पाडा, आणि पातळ टॉपला त्या जागी खालून एक ठोकळा चिकटवा, नाहीतर पकड धरत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर दोन्हीपैकी कुठलाही करा, पण पायांच्या जोडीला लांब पट्ट्या नट-बोल्टने जोडा आणि टॉप नुसता खुंट्यांवर बसवा, म्हणजे घर बदलताना सुटे तुकडे होऊन लिफ्टमधून जाईल. स्वतःचं घर, हाताने रंधा मारायची आवड आणि एखादा मदतीला माणूस असेल तर जुन्या सागाचा रूबो, यात मला काही शंका नाही. बजेट तंग असेल तर त्याच जुन्या सागाचा निकल्सन. लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या, चिरून आणा, मधे पट्ट्या ठेवून ज्या खोलीत बेंच राहणार तिथेच महिनाभर रचून ठेवा आणि मगच चिकटवा, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत टॉपवर जवसाच्या तेलाचे दोन हात होतील, वरून जेवढे तेवढेच खालूनही.