मरीन प्लायच्या नावाने 1,55,000 रुपये पाण्यात

घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतो: 1,55,000 रुपये.

आमची लाकडी बोट 2001 ची, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरात असते. केबिनमागचं किचन पार कुजलं होतं, ओट्याच्या फळीत अंगठा रुतायचा. सात खलाशांचं आठ-आठ दिवसांचं जेवण त्यावरच. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, बोट शाकारलेली, म्हटलं आताच उरकून घेऊ. नेहमीचा सुतार तीन बोटींत अडकलेला. ओळखीतून एक 'मरीन इंटिरियर'वाला मिळाला. कोटेशन 1,86,000 रुपयांचं: आयएस 710 चा मरीन प्लाय, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टीलचं सिंक आणि ओटा, गॅसची लाइन. गोड बोलणं, छापील कागद, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. 12 जूनला 60,000. 28 ला 'माल उचलायचाय' म्हणून 45,000. 19 जुलैला 50,000, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर.

14 जुलैची ती दुपार डोक्यातून जात नाही. धो-धो पाऊस, टेम्पोवर ताडपत्री. मी स्वतः मोबाइलचा टॉर्च मारून प्लायवरचा शिक्का वाचला. 303. वाचला मी! विचारलंसुद्धा, "710 ठरलं होतं ना?" तो हसला. "दादा, तो जुना नंबर. आता 303 च येतो." आणि मी मान डोलावली. 710 हा मरीन प्लायचा नंबर, 303 सर्वसाधारण कामाच्या प्लायचा. खिशातल्या फोनवर एका मिनिटात कळलं असतं. पाच दिवसांनी त्याच माणसाला मी 50,000 पाठवले.

लोक म्हणतात, बोटवाला असून फसलास? अहो, फळी, खिळा, इंजिन मला कळतं. प्लाय आणि स्टीलचे नंबर आमच्या बापजाद्यांनी कधी बघितले? वर बंदी उठायला सतरा दिवस, बोट चालवणारा तांडेल रोज विचारतोय. त्यात त्या इंटिरियरवाल्याने सिंकला चुंबक लावून दाखवलं. "बघा, चिकटत नाही, अस्सल 316." चुंबक 316 पेक्षा हलक्या 304 लाही चिकटत नाही, स्वस्तातल्या 202 लाही जवळपास नाहीच. तो खेळ बघून पैसे सोडू नका, ग्रेड बिलावर लिहून घ्या.

तिसऱ्या फेरीला सिंकवर तांबूस ठिपके आले, ओट्याच्या कडा फुगल्या. सुताराने पटाशी घातली तर प्लायचे पापुद्रे सुटले, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. आणि सिलिंडर? ओट्याखाली बंद खणात, साध्या रबरी नळीवर! हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर थेट तळाला इंजिनाशी जाऊन साचतो. सुताराला वास आला म्हणून वाचलो. पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे.

त्याचा फोन आधी 'मीटिंगमध्ये', मग बंद. बिलावरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा, आणि दुकान म्हणे पनवेलला. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. पोर्टलवर टाकला तर भलत्याच फर्मचं नाव.

चौकीत अर्ज घेऊन गेलो. "काम झालंय ना? मग ही दिवाणी बाब." प्लायचा तुकडा टेबलावर ठेवला तर साहेब म्हणाले, खाली ठेवा, कागद भिजतील. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा तो अर्जच सापडेना. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. एका हेल्पलाइनवरच्या बाईंनी सांगितलं, बोट धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. शेवटी वकिलाकडून कळलं की स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलं असेल तर 2019 च्या कायद्यात आपण ग्राहकच. मग दोन महिने मला दारोदार का फिरवलं? अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या, मी पहिल्यांदा घेतली नव्हती.

प्लायवर आयएसआयच्या चिन्हासोबत लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघा, टेम्पो रिकामा व्हायच्या आधी. खात्याचं नाव बदललं की पैसे थांबवा. बिल नसेल तर माल परत.

परवा भाच्याच्या फोनवर त्या माणसाचं स्टेटस दिसलं, मला त्याने ब्लॉक केलंय. फोटोत आमचंच किचन, पहिल्या दिवसाचं, चकचकीत. खाली लिहिलंय, 'बुकिंग चालू'.