गोचिडीला पास, लुतीला नापास: मोबाइलला लावायचा मायक्रोस्कोप

गणेश चवथीच्या आठवडाभर आधी ऑनलाइन मागवला, ५४९ रुपयांना. आता आठ महिने वापरतेय, म्हणून लिहायला हरकत नाही. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी क्लिप आणि तिच्यावर काजूच्या बीएवढं नळकांडं. डब्यावर '६०एक्स', म्हणजे साठपट मोठं, असं लिहिलंय. आत एक बारीकसा दिवा. विकणाऱ्याच्या पानावर टक्कल पडलेलं एक कुत्रं होतं, बाजूला पाय फाकलेला अक्राळविक्राळ किडा आणि खाली 'खरूज घरीच ओळखा'. मी त्या चित्रालाच भुलले. ते चित्र शुद्ध थाप आहे, पण त्याकडे नंतर येते.

आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या केरीला. दोन गाई, एक वासरू, काळू कुत्रा, मनी मांजर आणि सात कोंबड्या. मोठी गाय गौरी श्वेतकपिला. ही गोव्याचीच जात, २०२० साली तिची अधिकृत नोंद झाली. नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, त्यामुळे तिच्या अंगावरची गोचीड भातात पडलेल्या मिऱ्यासारखी लांबूनच दिसते. काळूचं उलट. नावाप्रमाणेच काळा, हात फिरवल्याशिवाय काही कळत नाही.

पहिले दोन दिवस मी या यंत्राला शिव्याच घातल्या. गोचीड कागदावर ठेवावी, फोन खाली न्यावा, नेमकी स्पष्ट दिसायला लागली की ही बया चालू पडते! शेवटी युक्ती सापडली: लग्नपत्रिकेच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तिला पारदर्शक चिकटपट्टीने डकवायची. फोनचं कव्हरही काढावं लागतं, नाहीतर क्लिप घसरते. मेलेली हवी असेल तर सर्जिकल स्पिरिटमध्ये टाकायची. एकदा स्पिरिट संपलं म्हणून मी फेणीत टाकली. सासरे दारातूनच ओरडले, "गो, तिला कशाला पाजतेस?" शिवाय फेणीत ती बराच वेळ पाय झाडत होती. स्पिरिटमध्ये अल्कोहोल बरंच जास्त असतं, फेणीत बेचाळीस टक्क्यांच्या आसपास.

एकदा नीट दिसायला लागल्यावर मात्र मी तासभर उठले नाही. इतकी वर्षं आम्ही बारकी तपकिरी चपटी गोचीड वेगळी आणि एरंडाच्या बीसारखी टम्म राखाडी वेगळी असं समजत होतो. (लॅटिनमध्ये गोचिडीला आणि एरंडाला एकच शब्द आहे, रिसिनस. तेव्हा हे आमच्याच डोक्यात आलं असं नाही.) टम्म फुगलेली ती रक्त प्यायलेली मादी. पाठीवर डोक्याकडे एक टणक ढाल असते. मादीची ढाल पुढच्याच भागावर, म्हणून मागचं पोट फुगू शकतं. नराची ढाल सगळ्या पाठीवर, त्यामुळे तो फुगत नाही, चपटाच राहतो. पावसानंतर वासराच्या कानात राईएवढे किडे होते. त्यातला एक पट्टीवर डकवून पाय मोजले तर सहाच! ते गोचिडीचं पिल्लू. पुढची कात टाकली की आठ पाय होतात. कीटकांना सहा आणि गोचिडीला आठ एवढंच पाठ करून बसलात तर इथे फसाल.

खरा फायदा झाला तो गाईची आणि कुत्र्याची गोचीड शेजारी ठेवल्यावर. काळूच्या न फुगलेल्या गोचिडीच्या मागच्या कडेला ओळीने चौकोनी खाचा दिसतात, नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, कडेला मुरड घालतो अगदी तशा. गौरीच्या गोचिडीची कड सपाट आणि तोंड अगदी आखूड. फोटो आमच्या गुरांच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा फोन आला: "वहिनी, कुत्र्याची आहे ती रिपिसेफॅलस सँग्विनियस. गाईची ती मायक्रोप्लस. औषध कुठे मारता तुम्ही?" मी म्हटलं, दोघांच्याही अंगावर. "तिथेच चुकतंय."

गाईवरची ही गोचीड पिल्लू असताना एकदा चढली की साधारण तीन आठवडे त्याच गाईवर राहते. तिथेच कात टाकते, तिथेच मोठी होते आणि अंडी घालायलाच खाली उतरते. म्हणून गाईवर वेळापत्रक धरून उपचार केला की साखळी तुटते. कुत्र्याची मात्र प्रत्येक टप्प्याला खाली उतरते, भेगेत लपून कात टाकते आणि पुन्हा चढते. म्हणजे मी काळूला चार वेळा न्हाऊ घातला तेव्हा निम्म्याहून जास्त फौज व्हरांड्याच्या चिऱ्यांच्या फटींत आरामात बसलेली. संध्याकाळी टॉर्च घेऊन बघितलं तर दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात आणि देवाच्या कॅलेंडरमागे रांगच होती. ही जात भिंत चढते. सगळ्या फटी बुजवल्या, डॉक्टरांनी दिलेलं औषध भिंतीला मारलं, तेव्हा कुठे काळू सुटला. यंत्राचे ५४९ रुपये त्याच दिवशी वसूल झाले.

सत्तरीतल्या माणसांना आणखी एक गोचीड ठाऊक असायला हवी: हिमॅफिसॅलिस, माकडतापाची, म्हणजे गोचीड चावून माणसाला होणाऱ्या विषाणूच्या तापाची. २०१५ पासून आमच्या तालुक्यात माकडताप आहे. काजूच्या दिवसांत पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात, बसून बोंडू वेचताना पायाला चिकटते ती हीच असू शकते. जबड्याजवळचे दोन भाग बाहेरच्या बाजूला फाकलेले, त्यामुळे तोंड त्रिकोणी दिसतं. पण हे फक्त नाव कळण्यापुरतं. तिच्यात विषाणू आहे की नाही ते कुठल्याही मायक्रोस्कोपला दिसत नाही. बागेतून आल्यावर ताप आला तर फोटो काढत बसू नका, आधी आरोग्य केंद्रात जा. आणि चिकटलेली गोचीड रॉकेल ओतून किंवा उदबत्ती लावून काढू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही.

आता नापास विषय. फेब्रुवारीत काळूच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गेले. मी ऐटीत क्लिप लावली. केस माडाच्या खोडांसारखे दिसले, कोंडा दिसला, पण हलणारं काहीच नाही. म्हणजे किडा नाही असा माझा निकाल, आणि दोन आठवडे खोबरेल तेलात गंधक घालून चोळलं. लूत वाढली. दवाखान्यात फोटो दाखवला तर डॉक्टर म्हणाले, "हा काळूचा की तुमच्या पायपुसण्याचा?" त्यांनी कातडी चिमटीत दाबली, ब्लेडला लिक्विड पॅराफिनचा थेंब लावून किंचित रक्त येईपर्यंत खरवडलं आणि काचपट्टी त्यांच्या मायक्रोस्कोपखाली धरली. विडीसारखे लांबट किडे, पुढच्या भागात आखूड आखूड आठ पाय. डेमोडेक्स. पाव मिलिमीटरचा जीव आणि राहतो केसाच्या मुळात. वरून फोन धरून तो दिसणार कसा? विकणाऱ्याचं ते चित्र थाप म्हटलं ते यासाठीच. तीच काचपट्टी मी घरी क्लिपखाली धरली, तरी धूसरच. या यंत्राचा उजेड वरून पडतो, आणि हे किडे पारदर्शक असल्याने उजेड खालून लागतो.

नाव कळणं इथेही महत्त्वाचं. डेमोडेक्स माणसाला लागत नाही. लुतीचा दुसरा किडा तो सार्कोप्टेस, गोल आणि आखूड पायांचा, कातडीत बोगदे खणणारा. तो असता तर घरातले सगळे खाजवत बसलो असतो.

असल्या बारीक किड्यांपैकी, म्हणजे माइटपैकी, एकच या यंत्राने पकडला, मनीच्या कानातला. कान सारखा झाडत होती आणि आत कॉफीच्या चोथ्यासारखा मळ. तो कापसाने काळ्या कागदावर पसरला, दोन मिनिटं उन्हात धरला, तर पांढरे ठिपके चालायला लागले. क्लिपखाली पायसुद्धा दिसले. कुत्र्याचं परमेथ्रिन नावाचं किडे मारायचं औषध मात्र मांजराला चुकूनही लावू नका, जीव जातो.

माझ्याकडून साडेतीन तारे. अर्धा तारा कापला तो त्या खोट्या चित्रासाठी, बाकीचा लुतीसाठी. सोबत आलेले बटण सेल महिनाभरही टिकले नाहीत. नवे तीन घड्याळवाल्याकडे मिळाले. सध्या यंत्र शेजारच्या वहिनींकडे आहे. त्यांच्या खुराड्यात रात्री काहीतरी तांबडं फिरतंय म्हणे.