विसर्जनाआधीच थांबणारी डीव्हीडी : लॅमिंग्टन रोडवर ‘नवा’ म्हणून विकला गेलेला रायटर

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गिरगावातल्या चाळीला रिकामी करायची नोटीस लागली. ४२ बिऱ्हाडं. कोणी डोंबिवलीला निघालं, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी थेट बदलापूरला. माझा भाऊ १९९२ पासून चाळीच्या गणपतीचं शूटिंग करायचा, व्हीएचएस कॅमेऱ्यावर. तो आता नाही, पण कॅसेट माझ्या कपाटात होत्या. मी त्या दादरच्या एका स्टुडिओतून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. माझ्या भाच्याने त्यातून दोन तासांची एक फिल्म बसवली. आगमन, आरत्या, मुलांची नाटकं आणि शेवटची पंचवीस मिनिटं गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन. प्रत्येक बिऱ्हाडाला एक डीव्हीडी द्यायची असं ठरलं. पेनड्राईव्ह का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चाळीतल्या निम्म्या घरांत सत्तरीपुढची माणसं आहेत. त्यांच्या टीव्हीखाली अजून डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो त्यांना स्वतःच्या हाताने लावता येतो, म्हणून.

माझ्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे नाही. म्हणून यूएसबीला लावायचा बाहेरचा रायटर, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहिणारं यंत्र, घ्यायला मी लॅमिंग्टन रोडला गेले. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की पाच मिनिटांवर. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तिथे प्रामाणिक दुकानदार भरपूर आहेत. आमच्या घरातले दोन कॉम्प्युटर तिथलेच, कधी तक्रार आली नाही. त्यामुळेच मी निर्धास्त होते.

दुकानातला मुलगा मराठी बोलणारा होता. “ताई, हा घ्या, एकदम नवीन माल, यूएसबी ३.०, आठ एक्स स्पीड, ड्युअल लेयरपण करतो,” म्हणाला. किंमत १,४०० रुपये. खोक्यावर ब्रँडचं नाव होतं, मी कधी न ऐकलेलं. मी म्हटलं, चालवून दाखव. तो लगेच तयार झाला. त्याच्या लॅपटॉपला रायटर जोडला, कोरी डिस्क घातली, दहा-बारा गाण्यांचे व्हिडिओ टाकले आणि राइटचं बटण दाबलं. तीन-साडेतीन मिनिटांत ट्रे बाहेर आला. तीच डिस्क परत आत घालून त्याने एक गाणं लावून दाखवलं. माझं समाधान झालं. मी बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल ताई, कशाला? मी इथेच बसलोय.” मी यूपीआयने पैसे दिले आणि एका चिठोऱ्यावर किंमत लिहून घेतली. ५० कोऱ्या डिस्कचा डबाही तिथूनच घेतला.

निघताना त्याने एक सल्ला दिला, तो मला आजही टोचतो. “राइट झाल्यावर व्हेरिफायची टिक काढून टाका. वेळ दुप्पट जातो आणि ड्राईव्हचं आयुष्य कमी होतं.” व्हेरिफाय म्हणजे लिहिलेली डिस्क परत वाचून तपासणं. मी खरंच टिक काढली.

पहिली डिस्क बारा मिनिटांत झाली. पुढे वेळ वाढत गेला, पंधरा, अठरा, शेवटी बावीस मिनिटं. मला वाटलं, यंत्र तापलं असेल, म्हणून मध्ये थांबून थांबून चार दिवसांत ४२ डिस्क केल्या. प्रत्येक डिस्क लॅपटॉपवर सुरुवातीची दोन मिनिटं लावून पाहिली. चाळीच्या चौकात शेवटचा एकत्र जेवणाचा कार्यक्रम झाला, तिथे प्रत्येकाच्या हातात एकेक दिली.

आठवड्याने तळमजल्यावरच्या काकींचा नालासोपाऱ्याहून फोन आला. “अगं, छान दिसतंय सगळं, पण दीड तास झाला की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि थांबतंच. विसर्जन दिसलंच नाही.” दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून तोच फोन, मग विरारहून. कोणाचं एक तास बत्तीस मिनिटांवर थांबत होतं, कोणाचं दीड तासावर. विसर्जन मात्र एकाच्याही घरी दिसलं नाही. माझा भाऊ त्या पूर्ण फिल्ममध्ये फक्त एकदा दिसतो, चौपाटीवर, कोणीतरी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला तेव्हा. तोच भाग गेला होता.

खरेदीला १९ दिवस झाले होते तेव्हा मी परत दुकानात गेले. आधी म्हणाले, डिस्क खराब असतील. मी म्हटलं, डिस्क तुमच्याच आहेत. मग म्हणाले, तुमचा लॅपटॉप जुना, पोर्टला पॉवर कमी मिळत असेल. मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

त्या रविवारी भाचा ठाण्याहून आला, त्याच्या जुन्या डेस्कटॉपमधला रायटर काढून घेऊन. त्याने त्याच डब्यातली कोरी डिस्क त्या रायटरवर पूर्ण भरून लिहिली. ती शेवटपर्यंत चालली, डीव्हीडी प्लेअरवरसुद्धा. म्हणजे डिस्कचा दोष नव्हता. मग त्याने मी केलेली एक डिस्क डेस्कटॉपच्या ड्राईव्हमध्ये घालून निरो डिस्कस्पीड या सॉफ्टवेअरने तिची तपासणी लावली. पडद्यावर एक आलेख हळूहळू पुढे सरकतो. डीव्हीडीवर थोड्या चुका कायमच असतात आणि वाचणारा ड्राईव्ह त्या दुरुस्त करून घेतो. माहितीच्या सलग आठ तुकड्यांत (ब्लॉकमध्ये) मिळून २८० पर्यंत अशा चुका (पीआय एरर) चालतात असं मानक आहे. माझ्या डिस्कचा आलेख तीन गिगाबाइटपर्यंत खाली, शांत होता. नंतर तो चढायला लागला, २८० ओलांडून गेला आणि ३.४ गिगाबाइटच्या आसपास ड्राईव्हने वाचणंच सोडून दिलं.

मग त्याने डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. लिहिलेल्या भागाचा रंग कोऱ्या भागापेक्षा गडद दिसतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. काठाजवळ एक बारीक गोल रेघ होती आणि तिच्या पलीकडे पाचसहा मिलिमीटरचा पट्टा फिकट होता. पंचवीस मिनिटांचं विसर्जन त्या पट्ट्यात होतं.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाच्या बाजूने सुरुवात, शेवट काठाशी. ‘आठ एक्स’ म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठपट, पण हा अख्ख्या डिस्कभर वेग नसतो. बहुतेक छोटे रायटर आतल्या बाजूला त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने सुरुवात करतात आणि खरा आठ एक्स काठाकडे गाठतात. वेग वाढला की रंगाचा थर जाळायला लेझरची ताकद जास्त लागते. जुना, थकलेला लेझर आत व्यवस्थित लिहितो आणि बाहेर उघडा पडतो. डिस्क जराशी वाकडी असली तर तो बाकही काठालाच जास्त असतो. आता दुकानातली ती चाचणी पाहा. दहा-बारा गाणी म्हणजे सहा-सातशे मेगाबाइट, ४.७ गिगाबाइटच्या डिस्कचा साधारण सातवा भाग. मापलं तर आतल्या कडेचा जेमतेम सात मिलिमीटरचा पट्टा. वर तीच डिस्क त्याच रायटरमध्ये वाचून दाखवली. स्वतःचं अक्षर स्वतःला लागतं, तसा प्रत्येक रायटर स्वतःचं लिखाण बऱ्यापैकी वाचून काढतो. मला ती चाचणी वाटली. पण जिथे दोष दिसला असता तिथवर त्याने डिस्क नेलीच नव्हती.

दुकानाने माल परत घ्यायला नकार दिल्यामुळे आम्ही केसिंग उघडलं. खालच्या रबरी पायांखाली चार स्क्रू होते. आत लॅपटॉपमधला पातळ ड्राईव्ह निघाला, कडेला पूर्वीच्या पट्टीच्या स्क्रूचे ओरखडे, ट्रेवर बोटाला लागणारी घासलेली चंदेरी रेघ. वरच्या लेबलावर छापलं होतं : मार्च २०१०. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून काढून नव्या प्लास्टिकमध्ये बसवलेला. बाजारात याला पुलआउट माल म्हणतात. पुलआउट म्हणून सांगून कमी पैशात विकला तर त्यात गैर काही नाही. याने तो ‘एकदम नवीन’ म्हणून विकला.

लेबलावर अजून एक गोष्ट होती : ५ व्होल्ट, १.५ अँपिअर. आता वायरचं टोक. बाहेरून निळं, यूएसबी ३.० चं असतं तसं. भाच्याने मोबाइलचा टॉर्च आत मारला. यूएसबी ३.० च्या टोकात नऊ पत्र्या लागतात, पुढे चार आणि मागे पाच. आमच्या टोकात पुढच्या चारच होत्या. म्हणजे निळं प्लास्टिक घातलेलं यूएसबी २.०. वेगाला त्याने फरक पडत नाही, आठ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट, ते २.० मधूनही जातात. पण यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे, ३.० ने ९००. दीड अँपिअर मागणारा ड्राईव्ह आणि त्याला हे एकच टोक. पॉवर जास्त घ्यायला काही रायटरना दोन टोकांची वायर देतात, तीही इथे नव्हती. लेझर थकलेला आणि त्यात वीज अपुरी, म्हणून तो मध्येच वेग पाडत होता. माझी बारा मिनिटं बावीसवर गेली ती त्यामुळे. धडधाकट आठ एक्सचा ड्राईव्ह पूर्ण डिस्क दहा मिनिटांच्या आसपास संपवतो. वाढत जाणारा वेळ ही पहिली खूण होती आणि ती चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती.

हे सगळे फोटो घेऊन मी परत गेले. या वेळी त्या मुलाऐवजी मालक बोलले. “मी कुठे म्हटलं ड्राईव्ह नवा आहे? पॅकिंग नवं आहे.” हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर म्हटलं.

बिल नाही म्हणून आपल्या हातात काही नाही, असं मला वाटत होतं. ते चूक होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. मी १९ व्या दिवशी गेले होते, म्हणजे भिंतीवरच्या पाटीला काही अर्थच नव्हता. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं, एमआरपी नव्हती. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं वजनमाप कायद्याच्या नियमांनी बंधनकारक आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. सोबत यूपीआयची पावती, चिठोऱ्याचा फोटो, लेबलाचा फोटो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, हेही त्यात लिहिलं. नवव्या दिवशी १,४०० रुपये खात्यात परत आले. डिस्कचे पैसे आणि चार दिवस गेले ते गेले.

तुम्हाला आज असा रायटर घ्यायचाच असेल तर स्वतःची फाइल घेऊन जा, ४.३ गिगाबाइटची, डिस्क काठापर्यंत भरणारी (४.७ ची डिस्क विंडोजवर साधारण एवढीच दिसते). घड्याळ लावा. दहा-पंधरा मिनिटं थांबा म्हटल्यावर दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा. व्हेरिफायची टिक ठेवा, ड्राईव्हचं आयुष्य त्याने फारसं कमी होत नाही. ती डिस्क तिथेच दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून अगदी शेवटचा भाग पाहा, नुसती सुरुवात नको. लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राईव्हचं मॉडेल दिसतं, ते मोबाइलवर शोधा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचा सुटा भाग म्हणून सापडलं तर खोका बंद करून परत द्या. ट्रे बाहेर काढून कडांवर बोट फिरवा. आणि १८ टक्के जास्त गेले तरी पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. १,४०० वर ते अडीचशे रुपये होतात. मला ते तेव्हा जास्त वाटले होते.

भाच्याच्या डेस्कटॉपवर सगळ्या डिस्क मी पुन्हा केल्या, सोळा एक्सचा ड्राईव्ह मुद्दाम आठ एक्सवर लावून, प्रत्येक व्हेरिफाय करून आणि प्लेअरवर शेवटची पाच मिनिटं पाहून. पोस्टाने पाठवायचा धीर झाला नाही, लोकलने जाऊन घरोघरी देतेय. नालासोपाऱ्याला काकींनी माझ्यासमोरच लावली. चौपाटीवर भाऊ दिसला तेव्हा त्यांनी रिमोट घेऊन तिथेच थांबवली आणि आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. ३५ पोचल्या आहेत. सात राहिल्यात, टिटवाळ्याच्या तीन आणि बदलापूरच्या चार. येत्या रविवारी जाते आहे.